ओस्मेलने पुसलेलं फोल्डर

सोमवार, ३ मार्च

परत तेच! कॉम्प्युटरवर डेटाबेस बसेना तो बसेना. एका सॉफ्टवेअर पॅकेजला दुसरं हवं, दुसऱ्याला तिसरं, आणि तिसऱ्याची फाइलच सापडत नाही. ओस्मेल भरून आणतो त्या हार्ड डिस्कवर यादीत नाव आहे. फाइल नाही!

वीज गेली-आली त्यात रक्तपेढीचा जुना सर्व्हर जळाला. रक्तदात्यांची नोंद तेवढी पेनड्राइव्हवर वाचली. पण डेटाबेसशिवाय ती उघडायची कशी? डॉक्टर नेरेइदा दारातूनच, "माइदेलिन, आज होईल ना?" होईल म्हणाले. काय बोलून बसले!

मंगळवार, ४ मार्च

प्रयोगशाळेतली ओदालिस येऊन गेली. तिच्या लेकीचं, युस्लेइदिसचं शनिवारी सिझेरियन, रक्त ओ निगेटिव्ह, आणि फ्रिजमध्ये त्याची एकही पिशवी नाही. लागलं तर आणायचं कुठून? कोण देणारा, ते त्या नोंदीत. ती नोंद माझ्या हातात, आणि मी हात चोळत बसलेय. "घाई नाही गं," म्हणाली. घाई नाही कशी! माझ्यासाठी तळलेली क्रोकेता ठेवून गेली, ती तशीच बशीत.

बुधवार, ५ मार्च

माझी अक्कल! दुसऱ्या डिस्कवरची तीच फाइल, पण नव्या आवृत्तीची, जबरदस्तीने बसवली. आता साधं कॅल्क्युलेटरसुद्धा बसवायला गेलं तरी म्हणतं, आधी मोडलेली पॅकेजं दुरुस्त करा. आगीतून फुफाट्यात. सगळं पुसून लिनक्स पहिल्यापासून टाकतेय. मध्येच वीज गेली. रडले. सरळ रडले.

गुरुवार, ६ मार्च

कळलं! ओस्मेल दर आठवड्याला हवानाहून डिस्क भरून आणतो – मालिका, सिनेमे, कुस्त्या, आणि एका कोपऱ्यात आम्हा चार वेड्यांसाठी लिनक्सची पॅकेजं. क्यूबाच्या या टोकाला, आमच्या मान्सानिल्योत, घरात इंटरनेट नाही, ती दुसरीकडून यायची कुठून? तर या शहाण्याने त्यातलं एक अख्खं फोल्डर पुसलं. कशासाठी? तुर्की मालिकेला जागा हवी म्हणून!

"अगं, गल्लीतल्या सगळ्या बायका शेवटचा भाग मागत होत्या. तुझ्या त्या फायली कुणी विचारत नाही."

"मी विचारतेय ना! एक पोर मरायला टेकलीय तुझ्या मालिकेपायी!"

तोंडाला येईल ते बोलले. शिव्या देत त्याच्या आईपर्यंत पोचले. "माइदेलिन, ऐकून तर घे," म्हणत होता. दार आपटलं.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी आई म्हणाली, ओस्मेल येऊन गेला, आत ये म्हटलं तर आला नाही. पेनड्राइव्ह ठेवून गेला. पुसलेलं फोल्डर त्यात होतं! पहाटेपर्यंत पार्कातल्या वाय-फायपाशी बाकावर बसून मोबाइलवर उतरवत होता म्हणे. सोबत ती हार्ड डिस्कही. "तिलाच ठेव म्हणावं, परत नको." खजील झाला असेल. होऊ दे!

बसलं. एकही चूक न दाखवता बसलं. नोंद उघडली आणि डॉक्टर नेरेइदांनी माझ्या कपाळाचा मुका घेतला.

मग ओ निगेटिव्हवाल्यांना फोन. पहिला – मायामीत. दुसरी माद्रिदला. तिसरा माँतेविदेओत. फोन घेतात त्या म्हाताऱ्या आया. "नाही गं पोरी, तो गेला. तुझं कसं चाललंय?" एक तर माझाच फोन सोडेना, बोलायला कुणी नाही म्हणून. नावं संपत आली. ओदालिस शेजारी उभी.

सगळ्यात खालचं नाव वाचलं आणि माझा हात थांबला. ओस्मेल.

काल शिव्या घातलेल्या माणसाला कुठल्या तोंडाने फोन करायचा? केला.

"काय, शिव्या राहिल्या का द्यायच्या?"

"रक्त हवंय."

सायकल हाणत आला. खुर्चीत बसून बाही वर करताना म्हणाला, "नशीब तुझं. परवा विमान आहे माझं. डिस्क तुला का दिली, वाटलं?"



शनिवार, ८ मार्च

युस्लेइदिसला मुलगी झाली. रक्त लागलंच. दोघी बऱ्या आहेत.

डॉक्टर नेरेइदा म्हणाल्या, "ओस्मेल उद्या जाणार. त्याच्या नावापुढे 'गेला' टाकून ठेव, उगाच कुणी फोन करत बसेल."

म्हटलं, वीज नाही.

वीज होती.