मामाजींच्या हातचं दूध

चिखली, रविवार

प्रिय आई,
सप्रेम जय भीम. तुझी कंबर आता कशी आहे?

कामावर गेले की दूध आटेल, ही तुझी भीती खोटी ठरली. दुपारी बँकेतल्या मागच्या खोलीत कडी लावून मी पंपाने दूध काढून घरी धाडते. काउंटरवर कुणाचंही बाळ रडलं की मात्र जीव घरी धावतो.

पहिल्या दिवशी अश्वजितने वाटी-चमचा उडवून दिला. सासूबाई रडकुंडीला आल्या. मग सासरे पुढे आले. मामाजींनी माझी ओढणी खांद्यावर घेऊन त्याला कुशीत धरलं. म्हणाले, "पी बापू, तुह्या मायनंच धाडलं." तो सगळं प्यायला.

आता ते वाटी दुसऱ्या कुणाला देत नाहीत. संध्याकाळी मी दारात दिसले, की अश्वजित माझ्याकडेच झेपावतो. मामाजी हसत म्हणतात, "दिवसभर म्या पाजलं, अन् माय दिसली का मले ओयखतही नाही."

तुझी,
मयुरी