पितृपक्षात गेलेलं नाव

बोरिवली पश्चिम,
घटस्थापनेला चार दिवस बाकी

ती. काशीरामकाकांना,

रुचिराचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालून लिहिता येत नाही, म्हणून खुर्चीतूनच.) मुलुंडला सगळे बरे ना? तुमची शुगर, सुगंधाकाकीचा गुडघा, नितेशदादाचा नवा जॉब? आणि हॉलमधल्या टेबलावरची ती कुंडी आहे ना जागेवर? आयुष्यात पहिल्यांदा कागदावर पत्र लिहितेय, तेही मराठीत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण तुम्ही फॅमिली ग्रुप सोडलात, फोन उचलत नाही, मग मी करू काय? माझा पवईचा मित्र यज्ञेश कामासाठी मुलुंडलाच येतोय, त्याच्या हाती पाठवतेय.

काका, आमची पार वाट लागलीय. तुम्हाला माहितीये, आईने डब्यांचं काम बंद केलं, ते मालवणी मसाला ऑनलाइन विकायचा म्हणून. आयडिया माझी. (त्यामुळे शिव्याही मलाच.) आता वेबसाइटला नाव हवं. बाबा म्हणाले, गावच्या देवाचं ठेवू, रवळनाथ मसाले. आई म्हणाली, पाकीट रिकामं झालं की लोक कचऱ्यात टाकणार, म्हणजे देवाचं नाव थेट देवनारच्या कचराडेपोत. मग मी आईच्याच नावावरून सुचवलं, झणझणीतनलिनी डॉट कॉम. आई दोन दिवस बोलली नाही, कारण तिच्या मते बाईमाणसाला झणझणीत म्हणत नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पद्मजामावशींना झकास वाटलं, म्हणून तिलाही वाटलं. नेमका त्याच दिवशी पितृपक्ष लागला.

यज्ञेश म्हणाला, नाव आत्ताच्या आत्ता विकत घे, हजाराच्या आत काम आहे, पाच मिनिटं लागतील. नाव काय आपली वाट बघत बसतं का? मी कार्ड काढलं, नंबर टाकला, आणि तेवढ्यात बाबांना तुमचा फोन आला. आठवतंय ना? तुम्ही म्हणालात, पितृपक्षात नवीन काही घ्यायचं नसतं, आम्ही फ्रीजची डिलिव्हरी परत पाठवलेली, दूध पंधरा दिवस शेजारी ठेवलेलं, वगैरे. बाबांनी माझ्या हातातून कार्ड काढून देवघरात ठेवलं. घटस्थापनेला सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी नाव घ्यायचं ठरलं. मी म्हटलं, बाबा, ते नाव आहे, फ्लॅट नाही. ते म्हणाले, मग तर आणखी जपायला पाहिजे.

पण वेबसाइटच्या उद्घाटनाचं निमंत्रण मात्र सप्तमीलाच गेलं हं. का, तर व्हॉट्सॲपला पितृपक्ष लागत नाही. (हे शास्त्र बाबांचं.) मी फुकटच्या ॲपमध्ये कार्ड बनवलं, मधोमध ठळक अक्षरात वेबसाइटचा पत्ता. जो अजून आपला नव्हताच. खाली विनीत म्हणून आईबाबांची नावं आणि 'समस्त परिवार'. मला वाटलं, समस्त म्हणजे सगळे, त्यात तुम्ही आलातच. चार मिनिटांत तुम्ही ग्रुप सोडलात. मला वाटलं नेटवर्क गेलं असेल. आईने तेव्हाच कपाळावर हात मारला होता, पण मला कोण काय समजावून सांगतं?

आणि परवा बघते तर नाव गेलेलं. कोणीतरी घेऊन बसलंय, त्यावर 'लवकरच येत आहे' असं पानही टाकलंय. बाबांच्या मते हे रशियातल्या टोळीचं काम. रशियाला मालवणी मसाल्याचं काय करायचंय, हे त्यांना कोण विचारणार? यज्ञेश म्हणतो, दुसरं नाव घ्या. कसं घेणार यार? (सॉरी, काका.) आईने चाळीस किलो मसाला कुटून ठेवलाय, सहाशे पाकिटांवर हेच नाव छापलंय, आणि डब्याची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. ती रोज सकाळी पाकिटं मोजते आणि परत खोक्यात ठेवते. मला तेच बघवत नाही.

असो. तुम्हाला उगाच त्रास. काकीला नमस्कार, नितेशदादाला आशीर्वाद. (तो मोठा आहे ना माझ्यापेक्षा? मग त्यालाही नमस्कार.)

तुमची लाडकी,
रुचिरा

ता. क. नवीन कार्ड केलंय. विनीतमध्ये सगळ्यात वर 'श्री. काशीराम व सौ. सुगंधा', मग आईबाबा. समस्त परिवार काढून टाकला. नारळ तुम्हीच फोडायचाय, आई म्हणाली. चूक माझी होती काका, खरंच कळलं नव्हतं.

ता. क. २. नाव कोणी घेतलं ते इंटरनेटवर लपवता येतं, पण कुठल्या तारखेला घेतलं ते दिसतं. नवमी. म्हणजे भर पितृपक्षात. बाबांना अजून सांगितलेलं नाही. फ्रीजची गोष्ट त्यांना फार पाठ आहे. लॉगिन आणि पासवर्ड बंद पाकिटात घालून यज्ञेशकडे दिलात, तर सांगायची गरजही पडणार नाही. तो चहा पिऊन थांबेल.

ता. क. ३. त्या 'लवकरच' पानावर आपल्याच मसाल्याचं पाकीट आहे, गणपतीत आईने तुम्हाला दिलेलं बिननावाचं, क्रोशाच्या टेबलक्लॉथवर ठेवलेलं. त्याला कोपऱ्यात इस्त्रीचा डाग आहे. पाचवीत असताना मीच पाडला होता तो, आणि काकीचा ओरडा नको म्हणून तुम्ही त्यावर कुंडी ठेवली होती. आजपर्यंत कोणाला सांगितलं नाहीत. फोटो काढताना कुंडी सरकवायला नको होती, काका.