बासुंदीची दुसरी वाटी नाकारण्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख वैद्यकीय अधिकारी,
संधिवात व मधुमेह संयुक्त उपचार कक्ष,
नाशिक.

अर्जदार : चिंतामण विश्वेश गर्गे, व्यवसाय भिक्षुकी, रा. त्र्यंबकेश्वर
लेखनिक : सौ. कुसुम चिंतामण गर्गे (अर्जदारांच्या बोटांना पेन धरवत नाही म्हणून)

विषय : श्राद्धाच्या पानावर गोड न खाल्ल्याने पितर उपाशी राहत नाहीत, असा वैद्यकीय दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदारांचा पूर्वीचा अर्ज व त्यावर आलेले आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदारांना संधिवात आहे. सकाळी मूठ वळत नाही, गुडघे धरतात. आपल्या कक्षात सांध्यांचे डॉक्टर मंगळवारी बसतात. त्यांच्या गोळ्यांनी सूज उतरली, पण साखर चढली. साखरेचे डॉक्टर गुरुवारी बसतात. ते रागावून भरभर चालायला सांगतात. मंगळवारचे डॉक्टर गुडघे पाहून, चालायला कोणी सांगितले, असे विचारतात. कक्ष संयुक्त असला तरी या दोघांची गाठ पडल्याचे ऐकिवात नाही. एका गोष्टीवर मात्र त्यांचे एकमत आहे : सांध्यांची सूज, साखर आणि पोटाचा घेर एकमेकांच्या जिवावर वाढतात आणि शेवटी हृदयावर येतात. साखर आटोक्यात आली तरच नवे इंजेक्शन सुरू होईल, आणि ते सुरू झाले तरच साखर चढवणारी गोळी सुटेल.

२. श्राद्धाला ब्राह्मण म्हणून जेवणे हा अर्जदारांच्या व्यवसायाचा भाग आहे. आपल्या आहारतज्ज्ञांनी चयापचय सुधारण्याचा छापील तक्ता दिला. त्यात आठवड्यातून दोनदा मासे आहेत. सदर तक्ता घरात कोठे ठेवावा याचा निर्णय अद्याप झालेला नाही.

३. गोड नको म्हटले की यजमानांचे तोंड उतरते. मागील महिन्यात देवळ्याहून आलेले एक यजमान हात जोडून म्हणाले, "गुरुजी, बाबा साखरेनं गेले. दहा वर्षं त्यांना गोड बंद होतं. आता तरी तुमच्या तोंडानं पोटभर खाऊ द्या त्यांना." अर्जदारांनी नाइलाजाने बासुंदीची दुसरी वाटी घेतली, व नंतर तिसरी.

लेखनिकाची नोंद : "नाइलाजाने" हा शब्द अर्जदारांनी सांगितला म्हणून घातला आहे. नाइलाज झालेला माणूस वाटी बोटाने पुसून घेत नाही.

४. याबाबत केलेल्या पहिल्या अर्जावर आपल्या कक्षाने कळवले की, ज्या व्यक्तींच्या वतीने जेवण घेतले जाते त्यांचे संमतीपत्र आणि आधार कार्डाची सत्यप्रत जोडावी. संबंधित व्यक्ती ज्या ठिकाणी आहेत तेथे टपाल जात नसल्याने पूर्तता करता आली नाही. श्राद्धाच्या दिवशी कावळ्यामार्फत कळवण्याची अर्जदारांची तयारी आहे, परंतु कावळ्याची सही आपण ग्राह्य धराल किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.

५. श्राद्धात अनामिकेत घालायचे दर्भाचे पवित्रक लेखनिक घरी वळते. चैत्रात पाय मुरगळल्याने अर्जदार घरीच होते व भाकरी-भाजी खात होते. तेव्हा साखर उतरली, गुरुवारचे डॉक्टर प्रथमच हसले, आणि जुन्या मापाचे पवित्रक पुन्हा बोटात गेले. त्यानंतर पाय बरा झाला आणि आमंत्रणे सुरू झाली. आता तेच पवित्रक पेरावर अडते. अर्जदार म्हणतात दर्भ आखडला.

६. अर्जदारांनी शास्त्र सांगितले तर यजमान ऐकत नाहीत, परंतु सरकारी गोल शिक्का पाहिला की उठून उभे राहतात. सबब, भाकरी-भाजीनेही पितर तृप्त होतात अशा आशयाचा दाखला, शिक्क्यासह, पितृपक्ष लागण्यापूर्वी मिळावा ही विनंती.

आपला, अद्याप तरी नम्र,
चिंतामण गर्गे
(सही वाकडी आली आहे ती सांध्यांमुळे, मनात तसे काही नाही.)

त्र्यंबकेश्वर, दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत : साखरेचे रिपोर्ट, मासे असलेला तक्ता (परत), दर्भाची दोन पवित्रके, चैत्रातले व आताचे.

ता. क. : अर्जदार सही करून बाहेर गेले आहेत. पुढील मजकूर त्यांना माहीत नाही. दाखल्याने पितरांचे काय होईल याची लेखनिकास फारशी फिकीर नाही. लेखनिकास भीती वाटते. ती कार्यालयीन भाषेत कशी मांडावी हे कळले नाही, म्हणून तशीच लिहिली आहे. दाखला वेळेत न मिळाल्यास, आणि अर्जदारांचे काही बरेवाईट झाल्यास, पुढल्या पितृपक्षात पानावर आपणांस बोलावण्यात येईल. बासुंदी लेखनिक स्वतः आटवील. यांना ती फार आवडते. तेव्हा आपण दुसरी वाटी नको म्हणू नये.