रीनाच्या आजीला लावलेले फोन

साकोली,
पोळ्याच्या आदला आठवडा, २०१८

आदरणीय सेवकराम भाऊजींस इश्वरचा नमस्कार. ताईचा गुडघा आता कसा आहे? धानाला पाणी पुरलं असेल असं धरून चालतो (इथे पुरलं, थोडं आमच्या स्वयंपाकघरातही आलं). तुम्हाला त्रास द्यावा असं काहीही काम नाही. आमच्या कॉलेजात जे घडलं ते तुमच्यापर्यंत वेडंवाकडं पोचण्याआधी सरळ कळवावं, एवढाच हेतू.

केरळातला पूर तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल. आमच्या होस्टेलात रीना नावाची मुलगी आहे. वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला, मूळचे केरळचे. तिचा जन्म मात्र इथलाच, त्यामुळे आपली बोली माझ्यापेक्षा पक्की बोलते. तिची आजी तिकडे गावी एकटी राहते. आजीचा फोन बंद झाला आणि रीनाने जेवण सोडलं. वडील निघाले, पण पुढच्या गाड्या बंद म्हणून अर्ध्या वाटेत अडकले. मेसच्या गोदावरीबाई ताट घेऊन तिच्या खोलीशी जायच्या आणि तसंच परत आणायच्या.

कॉलेजने मदत पाठवायचं ठरवलं. मुलं दारोदार फिरली आणि लोकांनी खरंच मोकळ्या हाताने दिलं (केरळला दिलेले लोकरीचे स्वेटर आणि कानटोप्या पाहून रीना त्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी बोलली, ते असं की तिकडे हे घालून माणूस उकडून मरेल). मग आमचे प्राचार्य धनीराम सर यांनी सभा घेतली. सर मनाने लोण्यासारखे आहेत, पण माइक हाती आला की त्यांना आवरत नाही. बोलता बोलता त्यांनी रीनाच्या आजींचं नाव घेतलं आणि सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं अशी विनंती केली. सगळे उभे राहिले. मीही राहिलो. एकटी रीना बसून होती. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "माही आजी मेली नाही, सर. फोन लागून नाही राहिला फक्त."

आता बसावं की उभं राहावं ते कोणाला कळेना (मी मधल्यामध्ये होतो). सर मंचावरून खाली आले, तिच्याजवळ गेले आणि माइकशिवाय म्हणाले, "चुकलं माहं, बेटा. चाल, आपण लावू फोन." त्यांचं इतकं लहान भाषण मी पूर्वी ऐकलेलं नाही.

त्यानंतर अख्खं कॉलेज फोन लावत सुटलं. तिकडच्या मदत छावण्यांचे नंबर मिळाले, ते सगळ्यांनी वाटून घेतले. मला एक गृहस्थ लागले. ते मल्याळममध्ये बोलले, मी हिंदीत. दोघांना एकमेकांची फार काळजी वाटली, आजींचा पत्ता मात्र लागला नाही. शेवटी एका दुपारी सरांनाच एका शाळेतल्या छावणीचे फादर लागले. त्यांना हिंदी येत होती. आजी तिथेच होत्या. साकोली हे मोठं शहर आहे का, असं फादरांनी आधी विचारलं, कारण सकाळपासून फोन उचलला की पलीकडे साकोलीच.

मग आजी फोनवर आल्या. रीना भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बोलली, रडली, मग हसली. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, तरी फिजिक्सच्या रुखमिणी मॅडमसुद्धा (ज्यांना मुलं टरकून असतात) पदराने डोळे टिपत होत्या. रीनाने सांगितलं, "आजी रागावली. म्हणे, तिकडे कोण मरून राहिलं, एवढे फोन कायले?" पुढे आजींनी ती जेवली का ते विचारलं होतं. गोदावरीबाईंनी लगेच ताट आणलं. ती जेवायला बसली आणि आम्ही सगळे भोवती उभे राहून बघू लागलो, तेव्हा बाईंनी आम्हाला बाहेर काढलं. "पोरीले जेवू द्या. सिनेमा आहे काय?"

सामान रेल्वेने रवाना झालं. सर्वांना नमस्कार, गोलूला आशीर्वाद.

तुमचा,
इश्वर

ता.क. आजी पुढच्या महिन्यात मुलाकडे जवाहरनगरला येत आहेत. त्या जन्मभर शेतात राबलेल्या, क्वार्टरमध्ये त्यांचा जीव रमणार नाही. म्हणून मी रीनाकरवी त्यांना सानगडीला तुमच्याकडे राहायला बोलावलं आहे. त्या हो म्हणाल्या.

पुन्हा ता.क. ताईला अजून सांगितलेलं नाही, ते तुम्हीच सांगा. आणि किती दिवस राहणार, हे आजींना विचारू नका. त्यांचं घर पुरात गेलं.