तुळशीपुढच्या दिव्याची कबुली

मी, विजयमाला विश्राम परब, वय ८७, राहणार ऐरोली, नवी मुंबई, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण कुणाचे नाही. भीती आहे, ती माझी स्वतःची. तिच्यामुळे अक्षर वाकडे आले, म्हणून माझ्या शुद्धीवर कुणी शंका घेऊ नये.

१. ऐरोलीचा फ्लॅट मुलगा नंदकिशोर याला. पार्किंगवरून सोसायटीशी भांडताना त्याने 'माझी आई स्वातंत्र्यसैनिक आहे' हे वाक्य यापुढे वापरू नये. का, ते कळेलच.

२. सोन्याच्या पाटल्या नात वैदेहीला. नणंदेच्या घरी यातले काही जाऊ नये. लग्नात ती माझ्या रंगावरून जे बोलली ते मी विसरलेले नाही.

३. ताम्रपट भिंतीवरून उतरवावा आणि <s>माझ्या मृत्यूनंतर</s> पुढील मजकूर गावच्या देवळासमोर वाचावा.

१९५५ साली पेडण्याकडच्या आमच्या गावावर पोर्तुगीजांचा अंमल होता. मी सतरा वर्षांची नवी सून. गोवऱ्यांच्या टोपलीत तळाशी पत्रके घालून पोचवत असे. शेणाला शिपाई हात लावत नसत. ती पत्रके हद्दीपलीकडून ज्योतिबा गावस आणायचा. तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा दिसला तर त्याने यायचे, नाहीतर परत फिरायचे, अशी खूण होती.

त्या दिवशी पोलीस येऊन माजघरात दबा धरून बसले. कुणी सांगितले, मला आजही ठाऊक नाही. मी तेव्हा बाजूला बसलेली, शिवायचे नाही असे दिवस. सासूबाईंना खूण माहीत नव्हती. त्यांनी रोजच्यासारखा दिवा लावला. मी गोठ्याच्या दारात, तुळस वीस पावलांवर. एक फुंकर पुरली असती. पण विटाळशी बाईने तुळशीपाशी जायचे आणि पेटता दिवा विझवायचा? पोलिसांचा मार मी सोसला असता. मी भ्याले ती सासूबाईंना आणि देवाला. ज्योतिबा आला. अंगणातच त्याला गोळी घातली.

मला तुरुंग झाला. मार खाऊनही तोंड उघडले नाही, म्हणून शूर ठरले. बाहेर आल्यावरही उघडले नाही.

शेजारचा बाळाराम त्या वेळी माडावर नारळ पाडत होता. त्यानेच वरून खूण करून ज्योतिबाला बोलावले, असे गावाने ठरवले. त्याला काम बंद, पाणी बंद. बायको आणि लहान मुलगी गंगू यांना घेऊन तो मुंबईला निघाला तेव्हा माझ्या दारावरूनच गेला. मी आत जाऊन बसले. बाळाराम निर्दोष होता.

साक्षीला आज महाप्याहून गंगूला बोलावले आणि हे सर्व वाचून दाखवले. तिने हातातली पिशवीही खाली ठेवली नाही. म्हणाली, "माझ्या बापानं सगळं जिवंतपनी ऐकलं. तुमी मेल्यावर सांगनार? जिवंतपनी सांगनार असं लिवून द्या, मग सही करते."

सबब कलम ३ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' या दोन शब्दांपैकी एकही आता लागू नाही. मीच खोडले आहेत. येत्या १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, गावात माझा सत्कार ठरला आहे. तेथे हे मी स्वतः वाचीन. ज्योतिबाच्या घरचे समोर असतील. मला फार भीती वाटते. नंदकिशोरने गाडी काढावी, आणि ऐन वेळी मी नको म्हटले तरी मला गाडीत बसवावे.

लिहून देणार: विजयमाला विश्राम परब

साक्षीदार:
१. गंगू बाळाराम नाईक (वडिलांचे नाव तिने स्वतः घातले)
२. अबोली सामंत, शेजारीण

ऐरोली, १२ नोव्हेंबर २०२५