शेरेवाला ड्रायव्हर

७ नोव्हेंबर १९४८, बुऱ्हाणपूर

काम मिळालं! सकाळी लालबाग स्टेशनावर उतरलो, टांग्यानं शनवारा दरवाजापाशी आलो आणि दुपार व्हायच्या आत ड्रायव्हर झालो. आनंदाच्या भरात मावाजिलबी खाल्ली, बोटं अजून चिकट आहेत.

माझ्या लायसनवर दोन शेरे आहेत. एकदा घाटात बैलगाडीला धडकलो, एकदा सरकीची पोती भरलेली गाडी ओढ्यात घातली. माणूस कोणी दगावला नाही, पण ‘बेफाम हाकतो’ हे कायमचं लिहिलं गेलं. पूर्वी इकडे नाव खराब झालं की ड्रायव्हर लोक संस्थानात जाऊन नवं काम धरायचे. आता संस्थानं विलीन झाली, हद्दी पुसल्या, आणि माझे शेरे माझ्याआधी गावात पोचू लागले. धुळे, भुसावळ, खांडवा, सगळीकडे मालकांनी लायसन उघडलं आणि मान हलवली. इथल्या विनायकशेठनी मात्र शेरे दोनदा वाचले आणि चक्क हसले. म्हणाले, असाच माणूस पाहिजे होता. लायसन त्यांनी स्वतःच्या तिजोरीत ठेवून घेतलं.

९ नोव्हेंबर

गाडी मिलिटरीच्या लिलावातली, पण इंजिनाचा आवाज ऐकावा असा. दापोऱ्याहून केळीचे घड भरायचे आणि लालबागला वॅगनपर्यंत पोचवायचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, मधूनच तापी चमकते. क्लीनर सुपडू पन्नाशीचा, फारसा बोलत नाही. गाडीच्या पुढून कधी जात नाही, नेहमी मागून वळसा घालून पलीकडे जातो. मला गंमत वाटली.

माल कडू पाटलांच्या बागेतला. त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला. मी त्यांच्या थोरल्या भावासारखा दिसतो म्हणे. माझं नाव निंबा कळताच निंबाभाऊ म्हणायला लागल्या. कितीतरी दिवसांनी कोणाच्या ओट्यावर बसून जेवलो.

१४ नोव्हेंबर

स्टेअरिंग डावीकडे ओढतं. आधी वाटलं, रस्ता उतरता आहे. पण मोकळ्या रस्त्यावर गाडी सरळ चालते, बैलगाड्यांच्या रांगेजवळूनही सरळ जाते. कडेनं कोणी एकटं पायी चाललं असलं की मगच ओढते. आज एक म्हातारा उजवीकडून चालला होता, तर उजवीकडे ओढलं. मनगटं दुखून आली. सुपडूला गाडीखाली घालून सगळं तपासून घेतलं. कुठं काही ढिलं नाही.

१९ नोव्हेंबर

आज रंभाबाई नावाची म्हातारी थोडक्यात वाचली. चाऱ्याचा भारा घेऊन कडेनं चालली होती. गाडी वळली. मी वळवली नाही, गाडी वळली. ब्रेकवर उभा राहिलो तर पायाखाली काहीच लागेना, चिखलात पाय गेल्यासारखं. म्हातारी बांधापलीकडे पडली, भारा चाकाखाली गेला. आणि लगेच ब्रेक लागला, अगदी नव्यासारखा.

लोक जमले. कोणी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. “हाच का तो शेरेवाला?” असं एकानं विचारलं. शेठनी माझी कीर्ती गावोगाव आधीच सांगून ठेवली आहे.

२० नोव्हेंबर

सुपडूला धरून बसवलं. तेव्हा बोलला.

“शेठ चांगला ड्रायव्हर ठेवतच नाही, भाऊ. चांगल्याच्या हातून मानूस मेला की लोकं गाडी तपासते. तुमच्यासारख्याच्या हातून मेला, की लोकं लायसन पाह्यते.”

माझ्याआधी भिकन होता. त्याच्यावरही शेरे होते. आता तुरुंगात आहे. त्याच्याआधीचाही तिथंच.

तू का राहतोस, असं मी विचारलं. तो उठला आणि गाडीच्या मागून वळसा घालून निघून गेला.

२१ नोव्हेंबर

लायसन परत मागितलं. वाटलं होतं शेठ ओरडतील. ते रडले. गाडी आणली त्याच आठवड्यात तिनं त्यांचा मुलगा मधुकर घेतला, अंगणातच. दोनदा विकली, दोन्ही वेळा सकाळी फाटकात उभी. “तिला कोणीतरी लागतंच, निंबा. घरातलं आता कोणी देववत नाही.” लायसन दिलं नाही.

चौकीवर गेलो. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, नाव विचारलं, आणि पिऊन आलास का म्हणाला.

२३ नोव्हेंबर

पळालो. लायसनशिवाय, पायी, खकनारच्या रस्त्यानं. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागून इंजिनाचा आवाज आला. ओळखीचा.

सीटवर कोणी नव्हतं.

मी डावीकडे झालो, ती डावीकडे. शेतात उतरलो, ती बांध चढून आत. धावून धावून छाती फुटायची वेळ आली. शेवटी दाराखालच्या फळीवर उडी मारून आत चढलो, तेव्हा शांत झाली. आत बसलेल्याला ती काही करत नाही. आत बसलेला तिला लागतो.

माझ्याच हातांनी वळवून परत आणली.

२४ नोव्हेंबर

मनकर्णाबाईला सांगितलं, रस्त्यावर एकटं येऊ नका, माझी गाडी दिसली तर बागेत शिरा. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. ताप आहे म्हणाल्या, उद्या काढा करून देते.

जेवण गेलं नाही.

२५ नोव्हेंबर

सुपडू दापोऱ्याच्या वेशीपाशी उतरला, बागेतून पळून गेला.

गाडी आपोआप थांबली आहे. इंजिन बंद. दार उघडत नाही — खांद्यानं, लाथांनी, सगळं करून पाहिलं. काच फुटत नाही. लिहून ठेवतो. मी हाकत नाही. कोणी मानणार नाही, तरी — मी हाकत नाही.

समोर रस्त्यावर कोणीतरी येतं आहे. एकटंच. डोक्यावर पदर, हातात तांब्या.

मनकर्णाबाई. काढा घेऊन —

इंजिन सुरू झालं.

ब्रेक दाबून धरला आहे. दोन्ही पायांनी. काच बडवतो आहे, ओरडतो आहे, मागं जा, बागेत शिरा — त्यांना ऐकू येत नाही. त्यांना वाटतं मी बोलावतो आहे. हसल्या. पदर खोचला. निंबाभाऊ म्हणत धावत ये