तुझ्या पेटीतला गुळाचा पुडा

मुठा, ता. मुळशी
११ ऑक्टोबर १९५९

प्रिय जया,

माझं अक्षर बघून तू हे पत्र चुलीत टाकशील, अशी भीती आहे. टाकायचंच असेल तर वाचून टाक. तुला जाऊन सात महिने झाले. इकडे भात निसवलाय, आईचा गुडघा धरलाय, शाळेला नवा फळा मिळालाय. आणि घरात मुंग्या येतातच आहेत. तू गेलीस की त्याही जातील, असं आईचं ठाम मत होतं. परवा दुधाच्या पातेल्यातून मुंग्या काढता काढता तीच म्हणाली, "ती गेली तरी ह्या येत्यातच की रं." मी भाकरी संपवली आणि शाळेत गेलो.

मुंग्या घरात का येतात, हे मी चौथीच्या पोरांना मोठ्या ऐटीत शिकवतो. एखादी मुंगी हिंडत हिंडत आत येते, तिला गोड कण सापडतो. परत जाताना ती जमिनीला आपला वास लावत जाते आणि बाकीच्या त्या वासावरून येतात. आई त्यांच्यावर हळद टाकायची, रॉकेल शिंपडायची. तू आठवड्यातून दोनदा सारवायचीस. दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा तीच रांग. खाऊ जागेवर आणि बीळही जागेवर, तर नुसती रांग पुसून काय होणार? पण सगळे तुलाच गबाळी म्हणायचे. शेजारची रंभाकाकू दारात उभी राहून तुझं माहेर काढत म्हणाली होती, "सूसच्या पोरींना झाडलोट म्हाईतच न्हाई." त्या दिवशी तू चुलीमागची भुई नखांनी खरवडून काढलीस. मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो, आणि मला कारण ठाऊक होतं.

आता सांगतोच. लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नाही, आणि आई उठता-बसता तुला बोलायची. मी गावात नवस-सायासांविरुद्ध भाषणं ठोकणारा गुरुजी! तोच मी गुपचूप कुशाबा गुरवाकडे गेलो. त्यानं सांगितलं, "एकवीस शनवार मुंग्यांस्नी गूळ-कणीक घाला. पर कुनाला कळता कामा न्हाई, बायकूलाबी न्हाई." हे खरं तर माळावरच्या बिळाशी घालायचं. पण तिथं कुणी मला पाहिलं असतं तर गावभर हसं झालं असतं. म्हणून मी उजाडता उजाडता आपल्याच स्वयंपाकघरामागे, जोत्याच्या भेगेतल्या बिळाशी घालत राहिलो. म्हणजे दर शनिवारी त्यांना घरचं आवतण मीच देत होतो. गूळ आईच्या मडक्यातून काढायचो आणि पुडा तुझ्या पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवायचो. आई तिथं कधी हात घालत नसे, एवढाच माझा हिशेब.

अठरावा शनिवार झाला आणि दोन दिवसांनी रांग पेटीत शिरली. आईनं रंभाकाकूच्या देखत तुला पेटी उघडायला लावली. पुडा निघाला. "चोरटी हाय ही! लपवून खाती, म्हून तर मुंग्या!" तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. पेटीची किल्ली कुठं असते, हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं, तेव्हा तुला तिथंच कळलं असणार. माझ्या मनात काय आलं माहीत आहे? तीनच शनिवार उरलेत, आता बोललो तर सगळं फुकट जाईल. आणि त्याहून खरं म्हणजे, लोक काय म्हणतील? मी गुरुजींच्या आवाजात म्हणालो, "झालं ते झालं, पुन्हा करू नकोस." माझी चूक माझ्याच तोंडानं तुझ्या पदरात घातली. दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ नथू आला आणि तू त्याच्याबरोबर निघालीस. तू गेल्यावर उरलेले तीन शनिवारही मी पुरे केले. मूल कुणाला व्हायचं होतं, देव जाणे. असा माणूस तुझ्या वाट्याला आला, याची मला शरम वाटते.

काल तुझ्या वडिलांचा, हैबतमामांचा निरोप आला. येत्या रविवारी सूसला पंच बसणार, काडीमोड घ्यायची. बैठकीत काय काय सांगायचं, याची आई रात्रीपासून उजळणी करत होती, आणि पहिलं नाव चोरीचं होतं. आज सकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही, जेवलेलीही नाही. रविवारी मी येईन, पंचांपुढे उभाही राहीन. पण चारचौघांत तोंडातून शब्द फुटेलच, याची खात्री माझी मलाच देता येत नाही. म्हणून हे लिहून खाली सही केली आहे. मी गप्प राहिलो तर हे पत्र नथूच्या हातात दे आणि सगळ्यांसमोर पहिल्या ओळीपासून वाचायला सांग, माझी आई बसली असेल तरीही. त्यानंतर नांदायचं की मोडायचं, ते तू ठरव. मी हट्ट धरणार नाही. पण मोडलीस, तर तिथून उठताना तू चोर नसशील.

तुझाच, सात महिने उशिरा बोलता झालेला,
वाल्मीक